हीटसिंकवरचा ठसा

कस्तुरी येलहंक्यात आईवडिलांकडे राहायची आणि मल्लेश्वरममध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. जायला दोन बस, यायला दोन बस. नऊ वर्षं हे चाललं होतं. १९९९च्या मार्चमध्ये साहेबांनी सांगितलं की घरी कॉम्प्युटर असेल तर आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम केलं तरी चालेल. त्या संध्याकाळी बसमध्ये तिला अशी झोप लागली की शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा जाग आली.

तिला तयार कॉम्प्युटर घ्यायचा होता. पण तिचे वडील हंबीरराव म्हणाले, सुटे भाग आणा, मी जोडतो. हंबीरराव निपाणीकडचे. हवाई दलात त्यांनी इंजिन फिटर म्हणून चोवीस वर्षं काढली, आणि निवृत्तीनंतर पीण्या या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम धरलं. दिवाळीनंतर ते त्यांनी एकाएकी सोडलं. कंटाळा आला, एवढंच घरात सांगितलं. तेव्हापासून ते दिवसभर व्हरांड्यात बसून असत. त्यामुळे ते आपणहून काहीतरी करतो म्हणाले तेव्हा कस्तुरीला नाही म्हणवलं नाही.

एसपी रोडवर दयानंद नावाच्या माणसाचं छोटं दुकान होतं. भाग तिथून आले. हंबीररावांनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली आणि दोन दिवसांत मशीन उभं केलं. पहिल्याच झटक्यात ते सुरू झालं. मथुराबाईंनी, म्हणजे कस्तुरीच्या आईने, दोघांच्या हातावर साखर ठेवली. अर्ध्या तासाने स्क्रीन गोठली, काही हलेना.

सुरुवातीच्या निळ्या सेटिंगच्या पानावर प्रोसेसरचं तापमान दिसत होतं. सदुसष्ट. काहीही काम चालू नसताना सदुसष्ट. दयानंदला फोन केला तर तो म्हणाला, उन्हाळा आहे, स्वल्प जास्त चालेल, पण बसल्या जागी चाळीस-बेचाळीसच्या वर जायला नको.

मग एकेक सुरू झालं. हंबीररावांनी डब्याचं झाकण काढून टेबलफॅन लावला. चौसष्ट. मागचा पंखा हवा आत घेतोय की बाहेर टाकतोय ते त्यांनी उदबत्ती धरून पाहिलं. तो आत घेत होता, म्हणून उलटा बसवला. पासष्ट. भर दुपारी दोन बस बदलून ते दयानंदकडे गेले आणि प्रोसेसरवरचा पंखा बदलून आणला. पुन्हा सदुसष्ट. दयानंद म्हणाला होता, अण्णा, मशीनच घेऊन या, मी बघतो. ते त्यांना पटलं नाही. आयुष्यभर इंजिनं उघडली, हा डबा काय मोठा लागून गेला, असं ते घरी येऊन म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा, हीटसिंक, त्यावर नीट टेकलेला असावा लागतो. दोघांच्या मधे पांढरी पेस्ट लावतात. हंबीररावांनी ती तीनदा पुसून तीनदा लावली. प्रत्येक वेळी ठोकळा दाबून, पुन्हा उचलून, खाली पेस्टचा ठसा कसा उमटलाय ते पाहिलं. कारखान्यात दोन पृष्ठभाग नीट बसतात का ते असंच निळा रंग लावून बघत. तिन्ही वेळा ते म्हणाले, ठसा बरोबर आहे.

असे अकरा दिवस गेले. टेबल अडलेलं, म्हणून तिघं खाली बसून जेवत. मथुराबाईंचे गुडघे दुखत, उठताना त्या भिंतीचा आधार घेत. कस्तुरी रोज सकाळी सातला निघून रात्री आठला परतत होती, आणि साहेबांनी दोनदा विचारलं होतं की घरचं मशीन कधी सुरू होतंय. दारातून आत येताना तिला आता त्या डब्याकडे बघवतही नव्हतं.

रविवारी सकाळी ती म्हणाली की रिक्षा करू आणि मशीन दयानंदकडे ठेवून येऊ. हंबीरराव म्हणाले, एकदा, शेवटचं. तिच्या अंगात वाद घालायची ताकद नव्हती. ती उजेडासाठी बॅटरी धरून शेजारी उभी राहिली. त्यांनी पेस्ट लावली, ठोकळा बसवला, दाबला, क्लिप काढून उचलला आणि पालथा करून डोळ्यांजवळ नेला.

"बरोबर हाय. सगळीकडं लागलंय."

कस्तुरीने वाकून पाहिलं. ठोकळ्याच्या चौकोनी तळाच्या एका कडेला पांढरी बारीक रेघ होती. बाकी सगळं कोरडं.

"अप्पा, एकाच कडेला लागलंय."

त्यांनी ठोकळा खिडकीपाशी नेला. उजेडाकडे फिरवला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. 

"मला दिसत न्हाई," ते म्हणाले. "पांढरं चमकत्या पत्र्यावर असलं की न्हाई दिसत."

कधीपासून, असं तिने विचारलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि हळूहळू सगळं सांगितलं. गेल्या पावसाळ्यापासून नजरेसमोर धुकं असायचं. कारखान्यात त्यांनी पास केलेला माल दोनदा परत आला. कोणी त्यांना बोललं नाही, वय बघून गप्प राहिले, आणि तेच त्यांना जास्त लागलं. म्हणून काम सोडलं. घरी सांगायचं तर तुझ्या बसच्या फेऱ्या संपेनात, त्यात माझं आणखी कुठं घालू, असं त्यांच्या मनात आलं.

"चार वेळा मी बरोबर म्हटलं," ते म्हणाले. "न बघताच."

कस्तुरीला रागावायचं होतं. अकरा दिवस तिने राग साठवलाही होता. पण ठोकळा अजून त्यांच्या हातातच होता. तिने तो काढून घेतला, आणि एका बाजूलाच का टेकत असेल, असं विचारलं.

तो त्यांनी परत मागितला. डोळे मिटून खालून अंगठा फिरवला. एका कडेला पायरीसारखी खाच होती. मग त्यांनी प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो तिच्यावर बोट फिरवलं. तिचीही एक बाजू उंच होती.

"ही खाच त्या उंचवट्यावर यायला पायजे. मी उलटं बसवलंय. म्हणून एका अंगाला कललंय." त्यांनी ठोकळा तिच्यापुढे धरला. "तूच बसव. मी सांगतो."

पेस्ट किती, क्लिप आधी कुठली, दाब कसा, हे त्यांनी सांगितलं आणि तिने केलं. मग उचलून पाहिलं तेव्हा ठसा पूर्ण चौकोन होता. तिने त्यांचं बोट धरून ठशाच्या चारही कडांवरून फिरवलं. पेस्ट सारखी करून ठोकळा पुन्हा बसवला आणि मशीन सुरू केलं. निळ्या पानावरचे आकडे ती मोठ्याने वाचत राहिली. छत्तीस, अडतीस, चाळीस. एकेचाळीसवर आकडा थांबला, आणि अर्ध्या तासानेही तिथेच होता.

मथुराबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं. आता कारण सांगायचं न्हाई."

हंबीररावांनी मान हलवली. मग आत जाऊन कॉटवर पडले. सकाळचे साडेदहाच वाजले होते आणि एवढ्या लवकर आडवं झालेलं त्यांना कस्तुरीने कधी पाहिलं नव्हतं. पाच मिनिटांत ते घोरायला लागले.

तिने एका शाळेच्या इमारतीचा राहिलेला नकाशा उघडला. घरून कामाचा तिचा पहिला सोमवार आता दवाखान्यात जाणार होता, म्हणून जेवढं होईल तेवढं आजच उरकायला हवं होतं. मान दुखत होती. तिने जिना आखायला घेतला.