बारीक आचेवरची भाकरी

थप, थप, थप. तांदळाच्या पिठावर पडणारा आवडाबाईचा ओला हात. माझ्या आयुष्यातला हा पहिला आवाज. मी बिडाचा तवा आहे. काठ एका बाजूने उडालाय, बोलायला वेळ लागतो. तरी ऐका.

आवडाबाईने मला कल्याणच्या बाजारातून शीळफाट्याजवळच्या तिच्या गावी आणलं. तेल पाजलं, पहिली भाकरी गाईला घातली, दुसरी रघूला. रघू तिचा एकुलता एक. तो मस्कतला क्रेन चालवायला निघाला, तेव्हा तिने मला जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याच्या बॅगेत कोंबलं. "तिकरं भाकर कोन देल तुला?" एवढंच म्हणाली.

मस्कतच्या खोलीत चार खाटा होत्या. शेजारची खाट मारुतीची. तो ठाण्याच्या कोपरीचा, एसी दुरुस्त करायचा. मला बघून हसला. "अरे रघ्या, अख्खं गाव उचलून आणलंस काय?" रघूने भाकरी थापली, ती टम्म फुगली. मारुतीने खाल्ली आणि दुसरी मागितली. मग चौदा वर्षं मागत राहिला.

त्या खोलीची एक रीत होती. कोणी कायमचा घरी निघाला, की त्याने स्वतःच्या हाताने सगळ्यांना भाकरी करून घालायची. सगळ्यांनी बसून खायची. मग त्याने बॅग उचलून निघायचं. बाकीच्यांनी ताटावरून उठायचं नाही, कोणी बोलायचं नाही. "बोललं की दुसऱ्या दिवशी कामावर हात चालत नाय," मारुती म्हणायचा. पलीकडच्या खाटांवरचा पोपट असा गेला, सहदेव असा गेला. नवी माणसं आली, त्याच खाटांवर झोपली. दर वेळी मी तापलेला, आणि खोलीत फक्त घास चावण्याचा आवाज.

रघूची पाळी अचानक आली. दुपारी गावाहून फोन आला. आवडाबाई पडली होती, कमरेचं हाड मोडलं होतं. संध्याकाळचं विमान मिळालं. खोलीतले सगळे कामावर होते; मारुती साईटवर, तिथे फोन आत नेऊ देत नसत. रघूने पीठ मळलं आणि एकच भाकरी केली, मारुतीसाठी. खाली गाडी येऊन उभी राहिली. हा माझ्यासमोर उभा, खांद्याला बॅग. ड्रायव्हरने चारदा हॉर्न वाजवला. तासभर रघूने मारुतीची वाट पाहिली. शेवटी गॅस बंद करायला हात पुढे केला, आणि थांबला. थंड भाकरी त्याने मारुतीला कधी दिली नव्हती. त्याने आच अगदी बारीक केली आणि गेला.

मारुतीची बस उशिरा आली. तोवर भाकरीचा कोळसा झाला होता, खोलीभर धूर. त्याने घाबरून माझ्यावर गार पाणी ओतलं. माझा काठ उडाला तो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन लावला. "गॅस तसाच ठेवून गेलास काय रे? तासभर थांबता आलं नाय तुला?"

 रघू तेव्हा आईच्या खाटेशी बसला असेल. फोन बंद झाला, तो नऊ वर्षं बंदच राहिला.

तो थांबला होता. हे तीन शब्द मला ठाऊक होते, आणि तव्याला तोंड नसतं.

मारुतीने मला टाकलं मात्र नाही. नोकरी संपल्यावर कोपरीला आणलं आणि माळ्यावर ठेवलं. दोन वर्षं धूळ खात होतो. गेल्या आठवड्यात त्याची मुलगी सान्वी त्याला कॅनडाला न्यायला आली.

"बाबा, हा फुटका तवा कशाला काढलात? तिकडे नॉनस्टिक आहे."

"तो न्यायचा नाय गं. तो आपला नाहीच."

आज सकाळी तो मला पिशवीत घालून रिक्षाने शीळफाट्याला आला. रघूच्या शेतावर आता सात मजली इमारत आहे. तळमजल्याचं दार रघूनेच उघडलं. केस पिकलेले, गुडघे गेलेले. त्याने मारुतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत ये र," म्हणाला. मला गॅसवर चढवून पीठ मळायला लागला. आवडाबाई जाऊन चार वर्षं झाली, पण हात तिचाच.

"ती खाल्लीस का र?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"कुठली?"

"तुला ठेवलेली. तासभर वाट बघली तुझी. थंड होऊ नये म्हनून गॅस बारीक ठेवला."

मारुती स्टुलावर बसला. पिशवी मांडीवर ठेवून म्हणाला, "कोळसा झालेला रे तिचा."

"माना काय म्हायती."

"मला पण माहीत नव्हतं."

मग मारुती उठला. "सरक. परवा सान्वीकडे चाललोय. कायमचा. भाकरी मी करणार."

रघू पीठभरल्या हाताने तसाच उभा राहिला. मग बाजूला झाला. चौदा वर्षं नुसती खाल्लेल्या माणसाने पहिली भाकरी थापली. एका बाजूला जाड, मधे फाटलेली.

"आयनं बघली असती, तर तुला परात घासाला बसवला असता," रघू म्हणाला.

ती फुगली नाही. दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.

मी थकलोय. आता माझ्यावर कोणी भाकरी टाको न टाको. एवढंच सांगतो, तुमच्या घरात कोणाचं भांडं राहिलं असेल, तर परत द्यायला स्वतः जा. थोडा वेळ बसा.

रघू ताटावरून उठला नाही, मान खाली घालून बसला. मारुतीने हात धुतले. माझ्याखालचा गॅस बंद केला, बटण दोनदा चाचपून पाहिलं. रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली, आणि काही न बोलता निघून गेला.