भिंतीकडची बाजू

तिसरी चाचणी पॉझिटिव्ह आली, तेव्हा लॅबच्या मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. पहिल्या दोन पद्धतींचे निकाल जुळले नव्हते. अशा वेळी तिसरी सांगेल ते मानायचं, हा प्रत्यारोपण विभागाचा नियम. आणि ज्याने निकाल काढला त्यानेच तो समोर बसवून सांगायचा, हाही. या आठवड्यातला मॅडमचा हा दुसरा नकार होता.

मॅडमसमोर ताई मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली. शिवणकाम करणारी बाई. धाकट्या भावाला किडनी द्यायला आलेली. भाऊ वरच्या मजल्यावर डायलिसिसच्या मशीनला जोडलेला होता.

"जुळतंय ना सगळं?"

"सगळं जुळतंय. पण तुमच्या रक्तात एका आजाराची खूण सापडलीय. चागास म्हणतात त्याला. ढेकणाच्या जातीचा एक मोठा किडा असतो. आपण झोपलो की रक्त पितो आणि तिथेच घाण करून जातो. त्या घाणीतून जंतू शरीरात शिरतात. मग वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही."

"मला तर काही होत नाही."

"अजून नाही. पण नवी किडनी टिकावी म्हणून भावाची प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी दाबून ठेवणार. त्यात हे जंतू माजले तर हृदयाला धरतील."

"मॅडम, तुम्ही म्हणालात म्हणून मी वजन उतरवलं. मीठ सोडलं. नवऱ्याशी भांडून इथे आले. आणि आता किडा आडवा येतो?"

मॅडमनी फॉर्म पुढे ओढला. त्यांनी पुढचा ठरलेला प्रश्न विचारला. "लहानपणी घर कसलं होतं?"

"मातीचं. काळे किडे असायचे, कडेला पट्टे असलेले. आम्ही त्यांना पाहुणे म्हणायचो. दिवा मालवला की हजर! एकदा तर ढब्बूचा डोळा असा सुजला..."

"ढब्बू कोण?"

"वर आहे तोच. आता नुसता सापळा उरलाय, पण नाव थोडंच बदलता येतं?"

"एकच डोळा सुजला होता?"

"एकच. कितीतरी दिवस मिटलेला. दुखत नव्हता, म्हणून त्यानेही तक्रार केली नाही."

न दुखता सुजलेली एकच पापणी. या आजाराची ही खूण मॅडमनी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. या विभागात दात्याचं रक्त तपासत. घेणाऱ्याचं या आजारासाठी कोणी तपासत नसे. धोका देणाऱ्याकडून येतो, असं सगळेच धरून चालत. त्यांत मॅडमही होत्या.

त्यांनी सर्जनना फोन लावून ताईचा निकाल सांगितला.

"म्हणजे दुसरा दाता शोधू?" सर्जननी विचारलं.

"नको. आधी भावाचं रक्त पाठवा. त्याच्यात हे आधीपासून असेल, तर कितीही निरोगी किडनी लावली तरी औषधांनी ते उठेलच."

"मॅडम, तुम्ही कधी चांगल्या बातमीसाठी फोन करता का हो?"

"चांगली असली की मला फोन करावा लागत नाही."

भावाचा निकालही पॉझिटिव्ह आला. या वेळी दोन्ही पद्धती पहिल्याच फेरीत जुळल्या.

मॅडमनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं. सगळं ऐकून ताई म्हणाली, "म्हणजे माझ्याकडून त्याला जे लागेल, ते त्याच्याकडे आधीच आहे. मग अडलंय कुठे?"

"तुमच्यातले जंतू आधी कमी करायचे. दोन महिने गोळ्या. मळमळेल, अंगावर चट्टे उठतील. यांना आता ते औषध झेपणार नाही, ते तुम्हीच घ्यायचं. मग किडनी. आणि नंतर यांचं रक्त सारखं तपासत राहायचं. जंतू वाढताना दिसले की लगेच उपचार."

"दोन महिने हा तग धरेल?"

"जाणार कुठे?" भाऊ म्हणाला. "मशीनला बांधून ठेवलंय मला."

ताई हसली नाही. "ते पाहुणे यायचे कुठून हो? अंथरुणातून?"

"भिंतीच्या भेगांतून."

ताई टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "ह्याला मी भिंतीकडे झोपवायचे. खाटेवरून पडू नये म्हणून. बाहेरच्या बाजूला मी."

किडे तुम्हालाही चावलेच, हे मॅडमच्या ओठांवर आलं. खरं होतं, पण त्याचा उपयोग नव्हता.

"तू लाथा मारायचीस," भाऊ म्हणाला, "म्हणून मी भिंतीला चिकटायचो. आली मोठी झोपवणारी!"

ताईने मनगटाने नाक पुसलं. "गोळ्या जेवणाआधी की नंतर?"

"नंतर. पण आधी तुमच्या हृदयाचा आलेख काढू. तो ठीक आला तर उद्यापासून."

"आज काढा," ताई म्हणाली आणि उठून उभी राहिली. "आज संध्याकाळीही मी जेवणारच आहे."