पेवात सोडलेला दिवा

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नाथाजी एकच सांगत होते. "आदी दिवा सोड, मगच उतर, असं बजावलं हुतं. पन न्हाई ऐकलं शंभूराजनं." गेलेल्या लेकाला असा बोल लावायचा आणि मग टॉवेलात तोंड खुपसून रडायचं. लोक मुकाट ऐकून घेत. म्हातारा त्या रागावरच तग धरून आहे, हे सगळ्यांना दिसत होतं.

पेवाची हौस शंभूराजचीच. गेल्या साली पलटणीतून सुट्टीवर आला, तेव्हा रांगती लेक ज्वारीच्या पोत्याशी खेळत होती आणि पोत्यात किडीच्या गोळ्या होत्या. त्यानं त्याच दिवशी गोळ्या घराबाहेर काढल्या. माझ्या पोरीला बिनऔषधाची भाकरी पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. परसात आज्याच्या वेळचं पेव होतं, धान्य साठवायला मुरमात खणलेलं, वर तोंड लहान आणि खाली पोट मोठं. नाथाजींनी ते झाडून घेतलं, कडब्याचा थर दिला, निम्म्यापर्यंत शाळू भरला आणि फरशी ठेवून शेणमातीनं लिंपून टाकलं. आत वाराच नाही तर किडा जगतोय कशाला, असं सुनेला सांगताना ते मिशीला पीळ भरायचे.

यंदा लेकीच्या जावळाला शंभूराज आला. पाहुण्यांना त्याच शाळूची भाकरी वाढायची म्हणून त्यानं फरशी काढली. नाथाजी आवतण द्यायला औंधला गेले होते. परतले तेव्हा अंगणात गर्दी होती आणि लेकाला गोधडीवर निजवलं होतं. आतल्या कोंडलेल्या हवेनं त्याचा जीव घेतला होता.

दिवसकार्य उरकलं. भावकीपुढं नाथाजींनी पुन्हा तेच काढलं, तशी सून संयोगिता चहाचं ताट खाली ठेवून उभी राहिली. सासऱ्यापुढं तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"आबा, त्यास्नी बोल लावू नका. त्यांनी दिवा सोडला हुता."

कंदिलात रॉकेल नव्हतं, हल्ली ते मिळतं कुठं. म्हणून शंभूराजनं मोबाईलची बॅटरी लावली, मोबाईल दोरीला बांधला आणि आत सोडला. लख्ख उजेड पडला. एक किडा नाही बघ, म्हणत त्यानं तिला वाकून बघायला लावलं. आबांनी सांगितलं तसं केलं, आता उतरतो, म्हणाला. खाली गेला आणि शाळूवर बसला. धान्य हुंगतोय, असं तिला वाटलं. तिनं हाका मारल्या. मग तीही शिडीवर पाय ठेवत होती, पण शेजारच्या मनुबाईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

नाथाजींचा राग कुठल्या कुठं गेला. लेकानं ऐकलं नाही असं वाटत होतं, तेच किती बरं होतं.

"तुमी म्हनला तसंच केलं की त्यांनी," संयोगिता म्हणाली. "मग चुकलं कुटं?"

नाथाजी जमिनीकडं बघत म्हणाले, "दिवा उजेडासाठी न्हाई सोडत, पोरी. आत वारा नसला की जोत इजती. इजली तर उतरायचं न्हाई."

हे शंभूराजला सांगावं लागेल, असं त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असणारच, असं ते धरून चालले होते.

संयोगिताच्या आवाजात राग नव्हता. असता तर नाथाजींना सोसला असता.

"एवढंच सांगायचं हुतं, आबा. तुमचं सगळं ऐकायचे ते."