थेडाचा बिडाचा खांदा

वायोमिंगच्या त्या डोंगराळ मुलखात थेडा होल्कमच्या खांद्याची कीर्ती अशी, की तो मांसाचा नसून बिडाचा आहे असं लोक पोराबाळांना सांगत. बापाकडून आलेली तिची मॅग्नम बंदूक सुटली, की पलीकडच्या खोऱ्यातल्या गाईंचं दूध नासे. डेल नावाच्या आडदांड लोहाराने एकदा ती स्वतःच्या काडतुसाने उडवून पाहिली, तर त्याची कवळी चार दिवसांनी ओढ्यात सापडली. थेडा मात्र बारावर बार काढी आणि खांदा चोळणाऱ्या बाप्यांना विचारी, "दुखतंय का रे? फुंकर घालू?"

तिची काडतुसं नवरा ऑर्विन घरीच भरी, आणि शिकारीला दोघं बरोबरच डोंगरावर जात. दर हंगामाला ती विचारी, दारू पूर्ण घातलीस ना? तो म्हणे, पूर्ण.

यंदा ऑर्विन दाढ काढायला शहरात गेलेला. तिच्या कोटाच्या खिशात त्याने भरलेलं एकच काडतूस उरलं होतं, म्हणून तिने दुकानातून एक खोकं आणलं आणि चांदमारीच्या माळावर जाऊन बार काढला. पुढच्या क्षणी ती जमिनीवर बसली होती. बंदुकीवरच्या दुर्बिणीची कड भुवईत रुतून रक्ताची धार लागली होती आणि हात जेमतेम वर होत होता. दुकानदाराला शिव्या घालत तिने खिशातलं काडतूस बंदुकीत घालून बार काढला. वासराने ढुशी द्यावी तेवढाच धक्का बसला.

मग तिने कुणालाच शिव्या दिल्या नाहीत.

संध्याकाळी सुजल्या गालाने ऑर्विनने कबूल केलं. पहिल्याच हंगामात तिचा खांदा असा धरला होता, की तिने बापाची बंदूक विकायला काढली होती. ती तिच्या हातून जाऊ नये म्हणून त्याने दारू कमी केली. एक एल्क, म्हणजे तिकडचं घोड्याएवढं सांबर, पडला की सांगू, असं ठरवलं होतं. एल्क पडला, गावात नाव झालं, आणि सांगायचं राहिलं.

"एल्कला काय फरक पडला?" तो म्हणाला. "मेलाच ना?"

"एल्कने तुला काही विचारलं नव्हतं. मी विचारत होते."

"सांगितलं असतं तर तू ती हातात धरली नसतीस."

"हे माझं मला ठरवू द्यायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात सगळ्यांची नजर तिच्या भुवईवर गेली. तसली अर्धचंद्राची खूण कशाने होते हे त्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. डेलने हसत विचारलं, "थेडाबाई, बंदूक चावली की काय?"

ती तोंड उघडणार, तोच ऑर्विन म्हणाला, की तळघराच्या दारावर आपटली. पापणीही लवली नाही त्याची. थेडा त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. दर हंगामाला "पूर्ण" म्हणताना तो असाच दिसायचा, आणि तिला तो साधा, भला वाटायचा.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. आपल्या खांद्याची कीर्ती तिने आपल्याच हाताने त्या टेबलावर मोडली. हसलं कुणीच नाही. डेलने मान खाली घालून कॉफीत साखर ढवळली. तो साखर घेत नसे.

थेडा उठली. ऑर्विनही टोपी उचलू लागला.

"तू बस," ती म्हणाली.

त्या हंगामात तिने काडतुसं स्वतः भरली, दारू तोलून, कमीच. विचारेल त्याला तसं सांगितलंही. डोंगरावर मात्र ती एकटी गेली.