सातचे कोरे पान

मी एक जुना गुणफलक आहे. कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला चार पायांवर उभा असतो. त्यातला एक पाय म्हणजे झाडूचा दांडा आहे. मित्रांनो, हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट नीट ऐकता येईल.

माझी चौकट एका सुताराने केली आणि पुठ्ठ्याची पाने एका पुस्तकबांधणीवाल्याने कड्यांत ओवली. डावीकडे लिहिले ‘आम्ही’, उजवीकडे ‘पाहुणे’. दोन्हीकडे दशकाचा आणि एककाचा असे दोन गठ्ठे. गुण वाढला की मागचे पान ओढून पुढे आणायचे. शेवटची कडी दाबताना बांधणीवाला सुताराला म्हणाला, “डावीकडच्या कड्या जरा जाड घातल्यात. घरचा संघ, तीच बाजू जास्त झिजणार!”

बिचारा! आमच्या मुलींचा संघ पहिल्यापासून हरण्यात पटाईत. पाहुण्यांची पाने ओढून ओढून मऊ झाली, आमची मात्र कोरी करकरीत. एकदा पाहुणी खेळाडू म्हणाली, “किती नवा ठेवलाय हो फलक!”

“डावीकडूनच बघत जा,” मामा म्हणाले.

मामा म्हणजे कॉलेजचे शिपाई. कुठे बिजागरी कुरकुरली की हे तेलाची बुधली घेऊन हजर. त्यामुळे त्यांचा अंगठा सदा काळा, आणि माझे पान ओढले की कोपऱ्यात त्याचा ठसा उमटायचाच. निकालाची वहीसुद्धा तेच लिहीत. पण हरलेल्या सामन्याचे गुण लिहायला त्यांचा हात धजत नसे. “पोरींच्या अब्रूचा प्रश्न आहे,” असे पुटपुटत ते नुसते ‘हरलो’ लिहून वही मिटत.

चार वर्षांपूर्वी नव्या कोच मॅडम आल्या. बुटक्या, चपळ आणि शिट्टीपेक्षा डोळ्यांनीच जास्त बोलणाऱ्या. त्यांनी एक नियम घातला. सामना संपला तरी पाणी पिऊन होईपर्यंत मला शून्यावर आणायचे नाही. सगळ्या मुली बाटल्या घेऊन माझ्यासमोर उभ्या राहत.

“बोला, आज काय बरं झालं?”

“मॅडम, त्यांच्या त्या उंच मुलीचा पास मी तीनदा अडवला.”

“आणि काय बिघडलं?”

“चौथ्यांदा ती माझ्या डोक्यावरून हसत गेली!”

सगळ्या खळखळून हसत आणि दुसऱ्या दिवशी तोच चौथा पास पन्नास वेळा अडवत. माझे दिवस मोठ्या मजेत चालले होते.

पण तीन वर्षांत तीस सामने झाले आणि जिंकलो फक्त चार. मग कोच बदलायचा का, हे ठरवायला कोर्टावरच खुर्च्या मांडल्या गेल्या. प्राचार्य आले. एके काळची आमची कर्णधार आली. तिला या संघाची फार ओढ होती, म्हणूनच ती फार चिडलेली होती.

“सर, मॅडम माणूस म्हणून सोन्यासारख्या आहेत,” ती म्हणाली. “पण सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी पोटात खुपसून घेतं का? दुसरा कोच आणा.”

“आता आम्ही थोडक्यात हरतो,” मॅडम शांतपणे म्हणाल्या.

“हरणारा प्रत्येक जण तेच म्हणतो!”

प्राचार्यांनी वही उघडली. हरलो, हरलो, हरलो. त्यांनी सुस्कारा सोडला. “यात तर दुसरं काहीच नाही.”

पाण्याचे ग्लास घेऊन आलेले मामा जागीच थबकले. “सर, चूक माझी आहे. लाज वाटायची म्हणून मी गुणच लिहिले नाहीत. पोरींना झाकायला गेलो आणि मॅडमनाच बुडवलं.”

मग त्यांनी मला पुढे ओढले. माझा झाडूचा पाय खडखडला. डावीकडची दशकाची पाने त्यांनी सहापर्यंत एकेक करून पुढे आणली. “हे माझ्या अंगठ्याचे ठसे. मॅडम यायच्या आधी तीनच्या पुढचं पान मी हातात धरलं नव्हतं. आता हे चार बघा, काळंकुट्ट. पाचही तसंच. सहावर पाच ठसे. आणि पूर्वी सारखं ओढावं लागायचं त्या पाहुण्यांच्या नऊवर बघा, तीन वर्षांची धूळ!”

प्राचार्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “आणि मागचं सात?”

“ते कोरंच आहे, सर.”

“ठसे म्हणजे विजय नव्हेत,” माजी कर्णधार म्हणाली. पण तिचे बोट तीनच्या पानावर रेंगाळले होते. तिच्या वेळची मजल तिथवरच होती.

“नव्हेतच,” प्राचार्य म्हणाले. “म्हणून अजून एक हंगाम. दहापैकी पाच जिंका.”

“नाही जिंकलो तर शिट्टी मी स्वतः आणून देईन,” मॅडम म्हणाल्या.

मित्रांनो, नऊ सामने झाले तेव्हा चार जिंकले होते. दहाव्यात शेवटचे काही क्षण उरले असताना दोन्हीकडे एकोणसत्तर! आमच्या सर्वांत लहानखुऱ्या मुलीने चेंडू टाकला, तो बास्केटच्या कड्यावर दोनदा थबकला आणि आत पडला. मामांनी घाईघाईने पान ओढले. सातचे पान जन्मात हलले नव्हते. ते आठला घट्ट चिकटून बसलेले. दोन्ही एकदम आली आणि मी ऐटीत दाखवले, एक्याऐंशी!

“अहो, लूट आहे का ही?” पाहुणे ओरडले.

माजी कर्णधार धावत आली. “मामा, सरका!” तिने नखाने आठ सोडवले, मागे टाकले आणि सात समोर आले. शिट्टी वाजली. एकाहत्तर–एकोणसत्तर.

मॅडम रडल्या की हसल्या ते मला कळले नाही, कारण सगळ्या मुली त्यांच्या अंगावर पडल्या होत्या. त्या दिवशी पाणी पिऊन व्हायला अर्धा तास लागला. माजी कर्णधार आता दर शनिवारी सरावाला मदत करायला येते. आणि मामा वहीत सगळे गुण लिहितात. परवाच लिहिले, ‘अठ्ठावन्न–साठ. हरलो. पण काय खेळल्या!’

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कुणाला मोडीत काढण्याआधी त्याची सगळी पाने एकदा उलटून बघा. आणि मला पुसायला आलात तर धूळ जरूर पुसा. माझ्या सातच्या पानावर एक काळा ठसा आणि नखाचा एक ओरखडा आहे. तेवढे मात्र राहू द्या.