पऱ्ह्यावर पाय द्यायचा नाही

मित्रांनो, मला नुसतं खेळणं म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. मी आसगावचा टीव्ही-गेम आहे. जुना आहे हे खरं, पण चालू आहे हेही तितकंच खरं. माझी वायर उंदरांनी कुरतडली होती, ती जोडून घेतली आहे. डाव्या कडेला तडा गेलाय, त्यावर चिकटपट्टी आहे. बाकी माझ्यात काही खोट काढायची असेल तर आधी माझ्याशी एक डाव खेळा, मग बोला.

मी जन्मलो दिल्लीकडच्या एका कारखान्यात. राखाडी अंग, दोन रिमोट आणि सोबत एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लाखभर खेळ असल्याचं छापलं होतं. खरे खेळ होते मूठभर, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. छापणाऱ्याने छापलं, त्याला मी काय करणार? पवनीत भैय्यालालच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात काचेच्या कपाटात मी बसलो होतो. तिथून हिरालालभाऊंनी मला उचललं. ते वीज मंडळात लाइनमन होते. दुकानातच त्यांनी माझी वायर ओढून, वाकवून, उलटसुलट करून पाहिली. असा चोखंदळ माणूस मला मिळाला याचा मला आजही अभिमान आहे.

घरात दोन मुलं होती, अंकुश आणि त्याच्यापेक्षा लहान दीपमाला. त्या मूठभर खेळांतला एकच खेळ त्यांनी धरला. त्याचं नाव चिनी अक्षरांत होतं, ते कुणाला वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. पडद्यावर निळं पाणी असायचं, त्यातून तपकिरी पट्ट्या जायच्या आणि त्या पट्ट्यांवरून चार ठिपक्यांचा एक माणूस उड्या मारत पुढे जायचा. मधूनमधून हिरवे झुपके यायचे. झुपक्यावर पाय पडला की 'टुंग' वाजायचं आणि गुण वाढायचे. पाण्यात पडला की मेला. खेळ एवढाच होता, पण पोरं जेवायची विसरायची.

विमलाबाई, म्हणजे या मुलांची आई, माझ्यावर फार चिडायच्या. मला बाजारात परत देऊन येईन म्हणायच्या. एका संध्याकाळी अंकुशला बाहेरून हाक आली. खेळ थांबवायचं बटन माझ्यात होतं, पण ते त्याला माहीत नव्हतं. त्याने रिमोट आईच्या हातात कोंबला, हा मरू देऊ नको म्हणाला आणि पळाला. विमलाबाई त्याच दिवशी रोवणीवरून आल्या होत्या. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोपं लावलेल्या बाईला पडद्यावर काय दिसणार? पाणी दिसलं म्हणजे बांधी. तपकिरी पट्टी म्हणजे धुरा, म्हणजे शेताचा बांध. आणि हिरवे झुपके म्हणजे पऱ्हे, म्हणजे लावायला आणलेली धानाची कोवळी रोपं.

मग त्या खेळू लागल्या आणि एकाही झुपक्यावर त्यांनी पाय ठेवला नाही. प्रत्येक झुपका आला की वरून उडी. अंकुश परत आला तेव्हा माणूस जिवंत होता आणि गुण शून्य होते. त्याने डोक्याला हात लावला. अगं आई, हिरव्यावर पाय द्यायचा असतो, त्याचेच तर गुण असतात, असं त्याने परोपरीने सांगितलं.

"पऱ्ह्यावर पाय देत नसतात," विमलाबाई म्हणाल्या. "कोनाचेही असोत."

मित्रांनो, ही चूक होती. माझ्या आत काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे, झुपका हा तुडवण्यासाठीच होता. पण ही चूक घराला चिकटली ती चिकटलीच. आधी दीपमालेने आईचा नियम उचलला, मग अंकुशने, मग गल्लीतल्या सगळ्या पोरांनी. ज्याचा पाय हिरव्यावर पडला तो आऊट. रिमोट खाली ठेवायचा आणि उठायचं. आणि आऊट कोण देणार? विमलाबाई. चुलीजवळून तिरप्या नजरेने बघायच्या आणि उजव्या हाताचं बोट वर करायच्या. एकदा रिमोट हिरालालभाऊंच्या हातात होता, तर त्यांनाही सोडलं नाही. बिचारे उठले आणि बाहेर खाटेवर जाऊन बसले. त्या नियमाने माझा खेळ दुप्पट अवघड झाला आणि मला तो माझ्या मूळ खेळापेक्षा जास्त आवडायचा, हे मी आज उघड सांगतो.

ते दिवस माझे होते. नंतर जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्या घरीही तेच झालंय. मोबाईल आला. अंकुशला नागपूरला नोकरी लागली. दीपमाला कॉम्प्युटर शिकली आणि पुण्याला खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटली. मला लोखंडी पेटीत जुन्या चादरींखाली ठेवलं गेलं. कुणी मुद्दाम टाकलं नाही, पण कुणी आठवणही काढली नाही. उंदीर तेवढे नेमाने यायचे. मी रडत बसलो नाही. पण वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं.

मागच्या हिवाळ्यात विमलाबाईंना लकवा मारला. जीव वाचला, बोलणं परत आलं, चालणंही आलं. उजव्या हाताची बोटं मात्र मिटली ती उघडेनात. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की रोज व्यायाम केला तर हात येईल, नाहीतर बोटं अशीच आखडून बसतील. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. विमलाबाईंनी तो खिडकीत ठेवून दिला. कुत्र्याचं खेळणं मी नाही दाबत म्हणाल्या. डाव्या हाताने घास घ्यायच्या, तोही भिंतीकडे तोंड करून. ज्या हाताने आयुष्यभर धान लावलं तो हात पदराखाली लपवून बसायच्या. कुणी व्यायामाचं नाव काढलं की उठून आत जायच्या.

उन्हाळ्यात दीपमाला कंपनीचं काम घरूनच करायचं ठरवून आसगावला आली. आईचा तो पदराखालचा हात बघून ती पहिल्या दिवशी नीट जेवलीच नाही. मग काय सुचलं कोण जाणे, तिने पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं. हिरालालभाऊंनी वायर जोडून दिली. नव्या पातळ टीव्हीवर मी लागलो. चित्र ताणलेलं आणि थरथरतं, पण लागलो! विमलाबाई पुढे सरकून बसल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे माझ्या लाल दिव्याने पाहिलं. दीपमालेने रिमोट त्यांच्या उजव्या हातात दिला. पण माझी बटनं इतक्या वर्षांत दगडासारखी कडक झालेली. बारीकही होती. विमलाबाईंचा अंगठा नुसताच त्यावरून घसरला. दोनदा, तीनदा. त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि हात पुन्हा पदराखाली गेला.

इथे मी हरलो, मित्रांनो. ज्या बाईने मला मोठं केलं तिच्या उपयोगाला मी आलो नाही.

दीपमाला म्हणाली, मी हा खेळ नव्याने बनवते. मोठं चित्र, हळू चाल, सोपं बटन. फोनवर अंकुशला कळलं तर त्याला ते मुळीच पटलं नाही. जुनाच नीट दुरुस्त कर, नवा बनवायचा कायले, त्यात ती मजा राहत नाही, असं त्याचं म्हणणं. दीपमालेने त्याला विचारलं की जो आईला खेळताच येत नाही तो जुना घेऊन काय करू, पूजा करू? दोघांचं चांगलंच वाजलं. मी अर्थात अंकुशच्या बाजूने होतो. माझ्या डोळ्यांदेखत माझाच खेळ दुसरं कुणी रंगवणार, हे ऐकून माझा लाल दिवा दोनदा लुकलुकला.

महिनाभरात दीपमालेचा खेळ तयार झाला. कबूल करतो, मी बघतच राहिलो. पाण्यात ढगांचं प्रतिबिंब काय, पाण्यावरचे तरंग काय! चार ठिपक्यांच्या माणसाला पिळदार मिशा आल्या होत्या आणि पाठीला तलवार होती. हिरवे झुपके मखमलीसारखे चमकत होते. माणूस जवळून गेला की आपोआप त्याच्या पायाखाली यायचे आणि सोनेरी गुण उडायचे. बटनं हिरालालभाऊंनी बनवली होती. एका लाकडी पाटीवर दाराच्या घंटीची दोन मोठी बटनं बसवून त्यांनी ती दीपमालेच्या कॉम्प्युटरला जोडून दिली. हळूच दाबलं तरी चालतील अशी.

विमलाबाईंनी सगळं शांतपणे पाहिलं. छान केलंय म्हणाल्या. पाटीवर हात ठेवलाही. मग माणूस चालू लागला, झुपके भराभर तुडवत गेला, आणि त्यांनी हात काढून घेतला.

"मस्त हाये बाई," त्या म्हणाल्या. "पन हे वावर कोनाचं हाये, मले नाही समजलं. यानं तर सारे पऱ्हे तुडवले."

दीपमालेचा चेहरा पार उतरला. मला आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. कारण खिडकीत तो रबरी चेंडू तसाच पडून होता आणि दिवस निघून चालले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला पुन्हा लावलं आणि एकटीच खेळत बसली. पहिल्याच झुपक्याला तिने सवयीने वरून उडी मारली. मग थांबली. स्वतःशीच हसली आणि मग डोळे पुसले. तिने माझा खेळ बनवताना माझ्या आत लिहिलेला मूळ नियम घेतला होता. ज्या नियमाने ती लहानपणी आऊट होऊन रुसून बसायची, तो घरचा नियम तिला आठवलाच नव्हता. त्या दिवसापासून ती माझ्याकडे शिकायला बसली. होय, शिकायलाच! माणूस हवेत किती वेळ राहतो, उतरताना किंचित कसा घसरतो, 'टुंग' नक्की केव्हा वाजतं, हे ती पुन्हा पुन्हा बघायची. मीही काही हातचं राखलं नाही.

दुसऱ्या खेपेला तलवार गेली, मिशा गेल्या. माणूस पुन्हा साधा झाला, इतका साधा की तो कुणीही असू शकेल. तरंग मात्र तिने ठेवले, ते मलाही आवडले होते. आणि एक गोष्ट तिने अशी केली जी माझ्या बापजन्मात मला जमली नसती. न तुडवलेला प्रत्येक झुपका मागे उभा राहायचा आणि वाढायचा. तुम्ही जितके पुढे जाल तितकी मागची बांधी हिरवी होत जायची, शेवटी तिला लोंब्या यायच्या. माझ्याजवळ रंगच मोजके. मी पऱ्हे दाखवू शकलो, धान पिकवून दाखवू शकलो नाही.

विमलाबाई पुन्हा बसल्या. पहिली उडी उशिरा पडली, माणूस पाण्यात. दुसरीही तशीच. त्या त्याच्यावरच चिडल्या, काहून असा मंद झालास म्हणाल्या. तिसऱ्यांदा अंगठा वेळेवर दाबला गेला आणि माणूस झुपक्यावरून पार झाला. मागे एक रोप हललं. विमलाबाईंनी वळून हिरालालभाऊंकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग त्या थांबल्याच नाहीत. भात करपला त्या दिवशी. आपण उजव्या हाताने खेळतोय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं आणि दीपमालेने ते बोलून दाखवलं नाही, शहाणी पोर.

त्यानंतर रोज दुपारी डाव सुरू झाला. आधी अंगठा सुटला, मग मधली बोटं सैल झाली. अंगठ्याजवळचं पहिलं बोट मात्र अडून बसलं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा.

पावसाळ्यात अंकुश सुट्टीवर आला. नवा खेळ पाहून नाक मुरडतच त्याने पाटी मांडीवर घेतली. नागपुरात राहून हात बिघडला होता त्याचा. दोन उड्या बऱ्या मारल्या, तिसऱ्या वेळी पाय थेट हिरव्यावर. त्याने पटकन आईकडे पाहिलं, लहानपणी पाहायचा तसंच.

विमलाबाईंचा उजवा हात पदराबाहेर आला. मिटलेली मूठ वर गेली आणि तिच्यातून पहिलं बोट हळूहळू, थरथरत, पण सरळ उभं राहिलं.

"आऊट," त्या म्हणाल्या. "ऊठ."

अंकुश उठला नाही. त्याने ते बोट आपल्या दोन्ही हातांत धरलं आणि लहान मुलासारखा रडला. कायले रडून राहिला, एका डावासाठी, असं विमलाबाई विचारत होत्या. मग त्यांचं स्वतःचं लक्ष बोटाकडे गेलं.

मित्रांनो, जुने खेळ नव्याने रंगवावेत की नाही, असं मला आता कुणी विचारलं तर मी ठणकावून सांगतो, रंगवा! खुशाल रंगवा, माझ्यापेक्षा सुंदर रंगवा. फक्त रंगाचा डबा उघडण्याआधी जुन्या खेळाशेजारी दोन दिवस बसा आणि जे तो खेळले त्यांना विचारा की तुमच्या घरी हा कसा खेळायचे. आणि आम्हाला उंदरांच्या हवाली करू नका, कारण विसरलेलं पुन्हा आठवायचं तर आम्हालाच लावावं लागतं.

मी आता पेटीत नसतो. टीव्हीखालच्या फळीवर त्या लाकडी पाटीला लागून बसतो. हिरालालभाऊ रोज दोघांचीही धूळ पुसतात, आधी माझी.