पहिला हिसका नदीचा

बक्षी साहेब नागपूरहून बदलून आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि नियमांची पुस्तकं जास्त होती. मी ओव्हरसियर, पूर्णा नदीवरच्या पुलाचं रोजचं काम माझ्या अंगावर. दर्यापूरकडच्या त्या खारपाणपट्ट्यात प्यायचं गोडं पाणीसुद्धा बैलगाडीनं यायचं, आणि साहेब पहिल्याच दिवशी विचारतात, कोणाची जबाबदारी कोणती हे ठरलंय का. मी म्हटलं, ठरलंय की, ज्याला जे येतं ते तो करतो. त्यांनी वहीत लिहून घेतलं, काहीच ठरलेलं नाही.

त्यांचंही चुकत नव्हतं. ते यायच्या थोडंच आधी बुडी मारताना डोमाजी गेला होता.

पुलाच्या खांबाखाली आधी विहीर उतरवतात. काँक्रीटचं गोल कडं नदीच्या वाळूत ठेवायचं आणि आतली वाळू उपसत जायचं, म्हणजे ते आपल्या वजनानं खाली बसत जातं. आत पाणी भरतं. कड्याखाली एखादं गाडलेलं खोड अडकलं, तर माणसानं बुडी मारून ते सोडवावं लागतं. आमचे बुडी मारणारे नदीकाठचेच भोई. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर तो धरायला त्याच्याच नात्यातला माणूस, हा त्यांचा रिवाज. दुसरा रिवाज असा की पहिला हिसका नदीचा. दोराला एक हिसका बसला तर वरच्यानं हलायचं नाही, तो नदीचा मान. दुसरा बसला तर तो माणसाचा, मग ओढायचं. याला कारणही होतं. माणूस तळाला टेकला की दोर एकदा हलतोच, आणि दरवेळी ओढत बसलं तर काम व्हायचं कधी?

डोमाजीचा दोर त्याचा मेहुणा श्रावण धरून होता. एक हिसका बसला. श्रावण दुसऱ्याची वाट पाहत राहिला. खाली खोड सरकून डोमाजीच्या पायावर आलं होतं, आणि दुसऱ्या हिसक्याइतका दम त्याच्यात उरला नव्हता. संध्याकाळी क्रेन लावून त्याला काढला तेव्हा दोर कापावा लागला, आणि कमरेचा फास खाली खोडातच अडकून राहिला.

डोमाजीची बायको सुंदराबाई ही श्रावणची थोरली बहीण, तो तिला बाई म्हणे. तिला पाट्या वाहायचं काम दिलं. रोज ती वाळूची पाटी डोक्यावर घेऊन भावाच्या समोरून जाई, पण त्याच्याशी शब्द बोलत नसे. तिनं शिव्या घातल्या असत्या तरी तो पोटभर जेवला असता. नुसतं गप्प राहणं माणसाला जाळतं, हे मी तेव्हा पाहिलं.

बक्षी साहेबांनी सगळ्या टोळीला बाभळीखाली बसवून नवे नियम सांगितले. आत कोणी असो नसो, कामाच्या वेळेत विहिरीत एक दोर सोडलेला राहील, टोकाला काही न बांधता. तो पाळीपाळीनं प्रत्येकजण धरेल, नातंगोतं चालणार नाही. एकही हिसका बसला तर काम थांबवायचं, सगळ्यांनी कड्यापासून दूर व्हायचं आणि दोर टोकापर्यंत वर ओढायचा.

“साब, अंदर कोई नहीं तो खींचेगा कौन?” गयासुद्दीन मुकादमानं विचारलं. लोक हसले.

साहेब हसले नाहीत. नंतर मला म्हणाले, “या पुस्तकातला एकेक नियम कोणीतरी मेल्यावर लिहिलेला आहे, किसनराव.”

श्रावणची पाळी दुपारची. विहीर रिकामी होती. तो एकदम ओरडला, “थांबवा!” हिसका बसला म्हणाला, एकच. पुढच्या पाळीलाही तेच. दुसऱ्या कोणाच्या हातात दोर असला की गपगुमान लोंबकळायचा. उन्हानं याचं डोकं फिरलं, असं मीही म्हणत होतो. मग एका दुपारी मी स्वतः पाहिलं. वारा नव्हता. ढिला दोर खालून ताठ झाला, पुन्हा ढिला पडला आणि पाण्यावर गोल वलयं उठली. मी तंबूत येऊन तांब्याभर पाणी प्यालो, आणि ते खारं होतं हे मला तांब्या रिकामा झाल्यावर कळलं.

आता बुडी मारायला कोणी तयार होईना. कडं जिथल्या तिथं अडलं. साहेबांनी श्रावणला बोलावलं.

“काम थांबवतोस ते बरोबर. मग दोर वर का ओढत नाहीस? नियम अर्धाच पाळतोस तू.”

“साहेब, वर काय येईन?”

“काहीही येऊ दे. रिकामा असला तरी ओढायचा. उद्या ओढला नाहीस तर टोळीतून तुझं नाव कमी करतो.”

श्रावण खाली बसला. “मले काढू नका, साहेब. बाई बोलत नाई, पण इथं दिसते तरी. बाहीर गेलो त तेबी नाई.”

साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला, पण शब्द मागे घेतला नाही. मला त्यांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोर ताठ झाला. श्रावणनं हाक दिली आणि सगळे मागे सरले. तो मात्र दोर धरून नुसता उभा. साहेब त्याच्याकडे पाहत होते. तेवढ्यात सुंदराबाईनं पाटी खाली ठेवली आणि ती सरळ कड्याशी गेली. नियमानं तिला तिथं जायची मनाई होती. साहेबांनी तिला अडवलं नाही.

तिनं भावाच्या मागून दोर धरला. “ओढ,” म्हणाली.

“बाई, मले भेव लागते.”

“मलेबी लागते. ओढ.”

दोघांनी जोर लावला, पण दोर येईना. मग मीही धावलो, नियम गेला चुलीत. मी हात लावला म्हणून सांगतो, दोर जड होता. भिजलेल्या सिमेंटच्या गोण्या मी उचलल्या आहेत, माणूसही खांद्यावर वाहिला आहे. हे वजन माणसाचं होतं. वीतवीत ओढत आलो. मागे गयासुद्दीन पुटपुटत दुवा म्हणत होता. टोक पाण्याच्या वर आलं आणि सगळा भार एकदम गेला, आम्ही तिघंही मागे पडलो. दोराच्या टोकाला डोमाजीच्या कमरेचा फास तेवढा होता, निथळत असलेला.

सुंदराबाईनं तो मांडीवर घेतला, पदरानं पुसला आणि गाठ सोडली. “आले,” ती म्हणाली.

मग ती भावाकडे वळली. “हात धू. जेवाले चल.”

बाभळीखाली तिनं फडकं सोडलं. आत दोघांपुरती भाकर आणि ठेचा होता. तिनं भाकर मोडून अर्धी त्याच्यासमोर ठेवली. श्रावणच्या घशाखाली घास उतरेना, आणि तो उतरेपर्यंत ती स्वतःच्या भाकरीला हात न लावता बसून राहिली.